उणे

मी काटे तपासतो.
ट्रक तोलणारे, लोखंडी, जमिनीत पुरलेले;
आणि लॅबमधले, श्वास लागला तरी आकडा बदलणारे.
चार दिवसांचा व्हिसा, मखमली पेटीत वजनं.
बहरैनच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय?
म्हटलं, खात्री.
तो हसला नाही.

गुदैबियात, हॉटेलच्या मागच्या गल्लीत
विलायवानबाईंची थाई खानावळ.
तिसऱ्या रात्री बिल देताना त्या म्हणाल्या,
उद्या बंद. उद्या पाणी आहे.
मला कळेना. तेवढ्यात आईचा फोन:
उद्या त्रिपुरी रे,
तिकडं कुठं दिवा लावता येतो का बघ.

म्हणून गेलो.
टेबलं भिंतीला सारलेली,
मल्याळी दुकानातून किलोवर आणलेली केळीची पानं.
केळीचा बुंधा या वाळवंटात कुठला?
तर शिळ्या डबलरोटीच्या जाड चकत्या,
त्यांना पानांचा काठ, टाचण्या, झेंडू, एक मेणबत्ती.
मी पान दुमडलं, काडी टोचली,
हातांनी विचारल्याशिवाय द्रोण केला.
बायका खो खो हसल्या:
याच्यात तर आमटी वाढतात!
(हे त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं,
आणि बरोबर सांगितलं.)

मग बाईंनी नेलकटर फिरवला.
प्रत्येकानं एक नख कापून फुलात ठेवलं.
जे जायला हवं ते, म्हणाल्या.
आणि कुणाला सोडायचं हे?
मे खोंगखा. पाण्याची आई.
खोंगखा, खोंगखा... मी दोनदा जिभेवर घोळवलं.
म्हटलं, अहो, ही तर आमची गंगा!
मग तुम्हीही माफी मागा, त्या म्हणाल्या,
वर्षभर वापरता, घाण करता.
इथं तर नळाला येतं तेही समुद्राचंच, गाळलेलं.
म्हणजे माफी अगदी पत्त्यावर पोचत होती.

किनाऱ्यावर वारा.
निम्म्या मेणबत्त्या पाण्याला टेकायच्या आत विझल्या.
उरलेल्या चार हात गेल्या आणि भरतीनं परत आल्या.
बाई चपला काढून गुडघाभर आत शिरल्या,
एकेकीला पुन्हा ढकललं,
शाळेत जायला रडणाऱ्या पोरांना ढकलावं तसं.
लहान मासे तोवर डबलरोटीला लागले होते.

अनुचा गॅरेजात काम करतो.
त्यानं गावाहून बॅगेच्या तळाशी
एकच पांढरा कागदी कंदील आणला होता.
रखवालदार टेकबहादूर धावत आला:
नाही, नाही, समोर विमानतळ!
आणि खरंच, पलीकडे मुहर्रकवर
एक विमान दिवे लुकलुकवत उतरत होतं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग टेकबहादूरच म्हणाला,
पेटवा की. सोडू नका फक्त.

चौघांनी कडा धरली.
अनुचा, बाई, मी, आणि टोपी काखेत मारून तो.
आत ज्योत धरली, कागद फुगला,
आणि बोटांना ओढ लागली.
वीस वर्षं मी खाली जाणारं तोललंय:
सिमेंट, साखर, सोनं, कांदे,
एकदा तर एका दवाखान्यात तान्ही बाळं.
वर जाणारं कधी हाती आलं नव्हतं.
किती असेल? पन्नास ग्रॅम? त्याहून कमी?
पण चार जाणती माणसं
टाचा उचलून उभी होती.

अनुचाचे ओठ हलत होते.
माफी की एखादं नाव, विचारलं नाही.
मग तेल संपलं, कागद कोमट झाला,
आमच्या हातांवर बसला.
त्यानं चार घड्या घातल्या, शर्टाच्या आत ठेवला.

सकाळी कारखान्यात एक किलो ठेवलं: एक किलो.
काढलं: शून्य.
कुणी बघत नाही पाहून
तबकडीखाली बोट घालून हलकेच उचललं.
आकड्याआधी एक आडवी रेघ उमटली.
अहवालात तिला रकाना नाही.
सही केली.

रात्री आईला फोन केला.
लावला गं एक.
कुठं ठेवलास? वाऱ्यानं विझला नाही ना?
ठेवला नाही. धरला होता.
बरं, म्हणाली,
आणि शेजारच्यांच्या बोअरला पाणी लागलं
ते सांगत बसली.